‘एक्स्चेंज’चा गोतावळा

गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका वहीत आम्हांस पुढील वाक्य आढळले : ‘माय फादर वॉज एक्स्चेंज्ड फ्रॉम काणकोण टु डिचोली.’ वडिलांची बदली झाली, एवढेच त्या नव्याने आलेल्या मुलास सांगावयाचे होते. बदलणे म्हणजे ‘एक्स्चेंज’ करणे, तेव्हा बदली होणे म्हणजे ‘एक्स्चेंज’ होणे, असा त्याचा सरळ हिशेब. परंतु इंग्रजी जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ह्या वाक्याने निराळेच चित्र उभे राहते. १० फेब्रुवारी १९६२ रोजी बर्लिन व पॉट्सडॅम ह्यांमधील ग्लीनिके पुलावर अमेरिकेने रुडॉल्फ आबेल हा हेर सोव्हिएत संघाच्या हवाली केला आणि त्याच्या बदल्यात आपला वैमानिक गॅरी पॉवर्स परत घेतला. माणसे ‘एक्स्चेंज’ होतात ती अशी! डिचोलीने काणकोणास कोणता कैदी परत दिला, असे विचारण्याचा मोह आम्ही आवरला आणि तांबड्या शाईने ‘ट्रान्सफर्ड’ असे लिहून मोकळे झालो.

चूक मुलाची म्हणावी, तर ती शिकविली कोणी? परीक्षेस उपयुक्त अशा कोणत्याही मार्गदर्शिकेत पाहावे. ‘एक्स्चेंज’ ह्या क्रियापदापुढे स्वॅप, बार्टर, ट्रेड, स्विच, सब्स्टिट्यूट अशी मंडळी एका ओळीत बसविलेली असतात. दोहोंमध्ये एकेक स्वल्पविराम, दुसरे काही नाही. विद्यार्थी ती ओळ पाठ करतो, आम्ही शिक्षक ती तपासून गुण देतो. अशा याद्या वर्गातून हद्दपार कराव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. पीटर मार्क रॉजे ह्या इंग्रज वैद्याने १८५२ साली आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला, तेव्हा त्यानेही शब्दांचे कळपच केले होते. पण ज्यास ते शब्द आधीच ठाऊक आहेत, त्यास हवा तो निवडता यावा, ह्यासाठी. आमच्या मार्गदर्शिकांनी कळप तेवढा उचलला. निवड करावयाची असते, हे सांगण्याचे मात्र राहून गेले.

ह्या गोतावळ्यातील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. ‘एक्स्चेंज’ हा त्यातला भारदस्त गृहस्थ. पत्रे, नमस्कार, दृष्टिक्षेप, लग्नातल्या अंगठ्या, सारे त्यास चालते. दोघांनी दिले आणि दोघांना मिळाले, एवढीच त्याची अट. दिले तितकेच मिळाले पाहिजे, असा त्याचा आग्रह नाही. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारत व बांगलादेश ह्यांनी एकमेकांच्या पोटात अडकलेल्या आपापल्या भूभागांची अदलाबदल केली. भारताने असे १११ भाग दिले आणि ५१ घेतले. एकरांत मोजल्यास सुमारे सतरा हजार देऊन सुमारे सात हजार. तरीही तेथे शब्द ‘एक्स्चेंज’ हाच योग्य.

‘स्वॅप’ हा त्याच घरातला अवखळ पोरगा. त्याचा जुना अर्थ तडाखा देणे असा होता. सौदा ठरला की हातावर हात मारीत, त्यावरून तो अदलाबदलीच्या अर्थी रूढ झाला. मुले चित्रांची पाने किंवा वर्गातील जागा बदलतात, ते ‘स्वॅप’. वर्तमानपत्रांना तो प्रिय आहे, कारण मथळ्यात जागा थोडी लागते.

‘बार्टर’ म्हणजे पैशाविना मालाला माल. फ्रेंचमधील त्याच्या पूर्वजाचा अर्थ फसविणे असा होता. ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. आपल्या साटेलोट्याचे काय झाले? ज्या घरची मुलगी करावयाची त्याच घरी आपली द्यावयाची, ही एक विवाहाची रीत. आज तोच शब्द पुढाऱ्यांच्या संगनमतास लावतात. ‘ट्रेड’ मूळचा वाट, मार्ग ह्या अर्थाचा. वाटेवरून जाता जाता तो धंद्यात शिरला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सर्वांत धोक्याचा तो ‘सब्स्टिट्यूट’. हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मित्रांच्या नादाने आम्ही फ्रेंच घेतले. महिन्याभरात पश्चात्ताप झाला आणि फ्रेंच सोडून मराठी घ्यावयाचे ठरविले. अर्ज लिहिताना ‘एक्स्चेंज’ फारच साधा वाटला. यादीतला भरदार शब्द निवडला. ‘सब्स्टिट्यूट फ्रेंच फॉर मराठी’, असे सुवाच्य अक्षरात लिहिले. त्याचा अर्थ, मराठीच्या जागी फ्रेंच द्यावे! नोंदवहीत आमच्या नावापुढे फ्रेंच होतेच. कारकुनाने अर्जावर शिक्का मारला आणि तो फाइलीत लावला; त्याने काही गैर केले असे म्हणवत नाही. मराठीच्या तासाला हजेरीत नाव येईना, तेव्हा चौकशी केली. तोवर मुदत टळली होती. वर्षभर आम्ही फ्रेंच क्रियापदे घोकली. त्याच जागी ‘एक्स्चेंज’ घातले असते, तर शब्दांचा क्रम तोच राहून अर्थ बरोबर उलटा, म्हणजे आम्हांस हवा होता तो, झाला असता. आणि यादीत ह्या दोहोंमध्ये होता एक स्वल्पविराम.

मुलांना हा भेद कळणार नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. आपली बहुतेक मुले अशीच तीन भाषांत वावरतात. पाचशेची नोट पुढे करून बसच्या वाहकास ‘ह्या नोटेचा विनिमय करा’ असे कोणी म्हणत नाही; ‘सुटे द्या’ म्हणतो. पुस्तकांची अदलाबदल होते, विचारांची देवाणघेवाण होते, श्रमाचा मोबदला मिळतो. ह्यांतील शब्द इकडचा तिकडे झाला की सातवीतले पोरही हसते. हा कान त्याजपाशी आहेच. इंग्रजीच्या तासाला तो बंद करावयास आपणच सांगतो.

त्या नववीतल्या मुलाची हकिगत मात्र पुरी झालेली नाही. वही परत मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत आला. “सर, बाबा शिक्षक आहेत. त्यांची बदली आपसांत झाली. डिचोलीचे गुरुजी काणकोणला गेले, म्हणून बाबा इथे आले.”

आम्ही वही पुन्हा मागून घेतली. ‘ट्रान्सफर्ड’ चुकीचे नव्हते; पण त्याखाली आणखी एक ओळ लिहिणे भाग होते : ‘माय फादर एक्स्चेंज्ड पोस्ट्स विथ अनदर टीचर.’