वाशिष्ठीचे अवजल आणि भाताचा खोडकिडा
सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावलेली वाशिष्ठी चिपळूणवरून वाहत दाभोळजवळ अरबी समुद्रास मिळते. घाटपायथ्याच्या वाड्या, मधल्या पट्ट्यातील भातखाचरे आणि खाडीकाठचे भोई, सारे तिच्यावरच विसंबून आहेत. कोकणातील अनेक नद्या उन्हाळ्यात आटतात. वाशिष्ठीत मात्र पाणी राहते, कारण पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर तिच्या पात्रात येते.

हे अवजल शेतीस मिळावे, ही मागणी जुनी आणि रास्तही आहे. प्रश्न एवढाच, की त्यावर पिकवायचे काय? उन्हाळी भात हे सहज सुचणारे उत्तर मला धोक्याचे वाटते. पिवळा खोडकिडा प्रामुख्याने भातावरच जगतो आणि कापणीनंतर त्याच्या अळ्या धसकटांत दडून राहतात. उन्हाळ्यात भात नसला की त्याची साखळी खंडित होते. फवारणीविना मिळणारे हे संरक्षण आपल्या ताळेबंदात कधी दिसत नाही!

येथे तिरुवल्लिकेणीत राहून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे पाहता एक गोष्ट घेण्याजोगी वाटते. तेथील शेतकरी भात उभा असतानाच, कापणीच्या आठवडा-दहा दिवस आधी, उडीद-मूग फोकून पेरतात. वाशिष्ठीकाठी वाल, कुळीथ, चवळी आहेतच. धसकटे नांगरून काढावीत आणि या कडधान्यांना अवजलाच्या एक-दोन पाळ्या द्याव्यात.

आराखडा आखताना अभियंत्यांसोबत कीटकशास्त्रज्ञ तर हवाच, पण खाडीतला भोईही हवा. गोडे पाणी कमी-अधिक झाले की मासळी बदलते, हे प्रथम त्याच्या जाळ्यात दिसते.