पडद्यावरचा पेपर

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत परवा संगणकावरील परीक्षेचा विषय निघाला. एका महाविद्यालयाने बी. कॉम.च्या मोठ्या वर्गाची अंतर्गत परीक्षा संगणकावर घेण्याचे ठरविले आहे. मुले सव्वाशे, संगणक चाळीस. म्हणजे पेपर चार पाळ्यांत. तुम्हाला काय वाटते, असे आम्ही मुलांनाच विचारले.

आम्हाला वाटले होते, मुले कुरकुर करतील. पण निम्म्याहून अधिक मुलांना ही पद्धत हवी आहे. निकाल लगेच कळतो, अक्षर वाईट असले तरी बिघडत नाही. एक मुलगी म्हणाली, "काका, तोंडी परीक्षेला आधी आडनाव विचारतात, मग प्रश्न. यंत्र काही विचारत नाही." यावर कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही.

तक्रारी होत्या त्या वेगळ्या. एका पाळीला सोपे प्रश्न आले आणि दुसरीला अवघड, तर काय? जेईई मेन किंवा एमएचटी-सीईटीला वेगवेगळ्या पाळ्यांचे गुण पर्सेंटाइल काढून एका मापात आणतात. वर्गाच्या परीक्षेला हे कोण करणार? शिवाय घरी मोबाइल आहे, संगणक नाही. माऊस हाताला वळेपर्यंत पडद्यावरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे गेलेले असते.

आमचा स्वतःचा आक्षेप हिशेबाच्या पेपरबद्दल आहे. आमच्या वेळी ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तरी घसारा बरोबर काढला, समायोजने बरोबर केली, तर तेवढ्या पायऱ्यांचे गुण मिळत. त्या गुणांवर आम्ही पास झालो, हे सांगायला लाज कसली? पडद्यावर चार पर्याय, एक आकडा चुकला की शून्य. हे सांगितल्यावर रात्रपाळी करून शिकणारा एक मुलगा हसून म्हणाला, "काका, हिशेब चुकला तर मालक पायऱ्यांचा पगार देतो का?" आम्हाला उत्तर सुचले नाही. पण चूक कोणत्या पायरीवर झाली हे विद्यार्थ्याला कळले नाही, तर तो शिकणार काय? ते नुसत्या गुणांवरून कळत नाही.

आणि यंत्र आले की काम वेळेवर होते, हा भरवसाही आम्हाला उरलेला नाही. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल इतके रखडले की शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दरम्यान कित्येकांचे पुढचे प्रवेश लटकले, त्यांची भरपाई कोणी केली?

तरी परीक्षा व्हायचीच आहे. अभ्यासिकेत दोन जुने संगणक आहेत, त्यांपैकी एकाचा माऊस बंद होता, तो बदलला. येत्या रविवारपासून दुपारी दोन ते पाच मुलांनी सरावाला यावे. कोणाच्या घरी वापरात नसलेला संगणक पडून असेल तर आम्हाला कळवावे. न्यायला आम्ही स्वतः येऊ.