लाल जर्सी कुणाची?

उत्तर स्पेनच्या अस्तुरियास भागात आंग्लिरू नावाचा चढ आहे. बारा किलोमीटरांहून लांब, आणि शेवटाकडे इतका उभा की जगातले निवडक सायकलपटूही तिथे पायी चालणाऱ्याच्या वेगावर येतात. १३ सप्टेंबर २०२३ रोजी व्हुएल्टा शर्यतीच्या सतराव्या टप्प्यात याच चढावर प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगोर पुढे निघून गेले. मागे राहिला तो लाल जर्सी घातलेला, म्हणजे शर्यतीत आघाडीवर असलेला सेप कुस. तिघेही युम्बो-विस्मा या एकाच संघाचे. सहकाऱ्यांनीच वेग वाढवला आणि संध्याकाळी कुसची आघाडी अवघ्या आठ सेकंदांवर आली होती. शेवटच्या चढावर त्याला साथ मिळाली ती दुसऱ्या संघाच्या मिकेल लांडाची.

त्या रात्री सायकलप्रेमींमध्ये उभी फूट पडली. एक बाजू म्हणाली, हा कृतघ्नपणा आहे. दुसरी म्हणाली, शर्यत आहे, जो बलवान तो जिंकेल. जर्सी काही बक्षीस म्हणून वाटायची वस्तू नाही.

आम्ही पहिल्या बाजूचे आहोत, आणि ते केवळ कुसबद्दलच्या मायेपोटी नव्हे. कोलोरॅडोतल्या ड्युरँगोचा हा सायकलपटू संघात होता तो इतरांना जिंकवण्यासाठी. मे महिन्यात इटलीच्या जिरोत रोग्लिच १४ सेकंदांनी जिंकला, तेव्हा डोंगरात त्याच्यापुढे कुस होता. जुलैत विंगेगोरने टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हाही होता. ऑगस्टअखेर बार्सिलोनाहून निघालेली व्हुएल्टा ही त्याची त्या वर्षातली तिसरी तीन आठवड्यांची शर्यत. नेत्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, चढावर असा वेग धरायचा की प्रतिस्पर्ध्यांना हल्ला करताच येऊ नये, आणि दम संपला की बाजूला व्हायचं: या कामाला निकालपत्रकात रकाना नाही. त्या १४ सेकंदांत कुसचे किती, हे कुणी छापत नाही. वर्षभर पंगतीत वाढणाऱ्याने एकदा स्वतःचं पान मांडलं, तर ते यजमानांनीच ओढून घेऊ नये, एवढंच लोकांचं म्हणणं होतं.

पण 'बक्षीस' हा शब्द त्याहून जास्त खटकतो, कारण तो वस्तुस्थितीला धरून नाही. सहाव्या टप्प्यात कुस आघाडीच्या गटात गेला, हावालांब्रेच्या चढावर एकट्याने जिंकला आणि आपल्याच नेत्यांवर अडीच मिनिटांहून अधिक वेळ मिळवला. आठव्या टप्प्यानंतर जर्सी त्याच्या अंगावर आली. घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्यात तो कच्चा. वायादोलिदच्या तशा टप्प्यात जर्सी जाणार असं बहुतेकांनी धरलं होतं. गेली नाही. तूरमालेच्या चढावर विंगेगोर पहिला आला आणि कुस दुसरा. त्याच दिवशी आधीच्या वर्षीचा विजेता रेम्को एवेनेपूल तब्बल २७ मिनिटांनी मागे पडला. हे सगळं कुसच्या पायांनी केलेलं आहे. सहकाऱ्यांनी त्याला काही द्यायचं नव्हतं, त्याच्याकडचं घ्यायचं नव्हतं, इतकंच.

विंगेगोर बेहेसच्या चढावर त्याच्याहून मिनिटभर सरस होता, हे खरं आहे. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण तीन आठवड्यांच्या शर्यतीत एका चढावरचं बळ हा एकच हिशोब नसतो. एकवीस टप्प्यांची बेरीज होते, आणि त्या बेरजेत कुस पुढे होता. शिवाय चौथा आलेला ख्वान आयुसो तीन मिनिटांहून मागे राहिला. संघाचा विजय धोक्यात असता तर बलवानाला पुढे सोडणं समजण्यासारखं होतं. इथे वाचवायचं काहीच नव्हतं.

अखेर संघ कुसच्या मागे उभा राहिला. १७ सप्टेंबरला माद्रिदमध्ये तो विंगेगोरपेक्षा १७ सेकंदांनी पुढे राहून जिंकला आणि रोग्लिच तिसरा आला. पुढच्या वर्षीच्या व्हुएल्टात कुस पहिल्या दहातही नव्हता, तेव्हा जुना वाद उकरणाऱ्यांनी 'बघा' म्हटलं. त्यात बघण्यासारखं काय होतं? २०२४ च्या थकव्याने २०२३ चे सेकंद कमी होत नाहीत.

या वादात रोग्लिचला खलनायक ठरवलं गेलं, ते मात्र आम्हाला मान्य नाही. त्याचं मत वेगळं होतं आणि ते त्याने लपवलं नाही. तीन वेळा व्हुएल्टा जिंकलेल्या माणसाने चौथीसाठी आसुसावं, यात गैर काय? गैर होतं ते दोन नेते आणि आघाडीवरचा तिसरा असताना, संघाने निर्णय रस्त्यावर सोडून देणं. तो व्यवस्थापनाचा दोष होता आणि चाहत्यांचा राग तिकडे वळायला हवा होता. रोग्लिचने त्या मोसमाअखेर संघ सोडला. २०२४ मध्ये दुसऱ्या संघाकडून, स्वतःसाठी राबणारे सहकारी घेऊन, तो चौथ्यांदा व्हुएल्टा जिंकला.