"बाबा, त्याला कोणी रागावलं नाही!"

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोलकात्यातल्या एका बँक कर्मचाऱ्याच्या घरात आठवडाभर अबोला होता. दहा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर. शेवटच्या मिनिटाला त्याच्या हातून चेंडू निसटला आणि संघ हरला. घरी येताना बसमध्ये, वर्गमित्रांच्या देखत, वडील म्हणाले, "एवढा साधा चेंडू धरता येत नाही तुला?" मुलगा काही बोलला नाही. मात्र घरी आल्यावर हातमोजे पलंगाखाली गेले ते गेलेच.

आईने एकदोनदा विषय काढून पाहिला. शेवटी वडिलांनीच तोडगा काढला. रविवारी त्यांच्या लाडक्या क्लबचा सराव समर्थकांसाठी खुला होता. "चल, खरे खेळाडू कसे मेहनत करतात ते बघ," असे म्हणून ते निघाले. थोडक्यात, उपदेशच, फक्त जागा बदललेली.

जागा मात्र साधी नव्हे. कोलकात्याचे मैदान म्हणजे लष्कराच्या ताब्यातली विस्तीर्ण हिरवळ. तिथे क्लबांच्या कचेऱ्यांना आजही 'तंबू' म्हणतात. मोहन बागान १८८९ चा, मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ चा, ईस्ट बंगाल १९२० चा. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळले होते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी ईस्ट बंगालला आपले मानले. तेव्हापासून अनेक घरांत क्लब आडनावासारखा वारशाने मिळतो. या घरात वडील ईस्ट बंगालचे आणि आईचे माहेर मोहन बागानचे. त्यामुळे मोठ्या सामन्यानंतर हिलसा शिजणार की कोळंबी, हे निकालावर ठरते!

इतके प्रेम असेल तर मुलांना थेट सामन्यालाच का नेऊ नये? नेतातही. पण कोलकात्यातली वडीलधारी मंडळी १६ ऑगस्ट १९८० विसरलेली नाहीत. त्या दिवशी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी होऊन १६ जणांचा जीव गेला. लहान मुलाची पहिली ओळख गर्दीशी, शिव्यांशी आणि हार-जितीशी व्हावी, यापेक्षा सराव बरा. तिथे निकालच नसतो. आता मोठ्या संघांचा सराव मैदानाऐवजी सॉल्ट लेकच्या युवा भारती क्रीडांगणाच्या परिसरातही होतो. म्हणून निघण्यापूर्वी ठिकाण, वेळ आणि लहान मुलांना प्रवेश आहे का, याची क्लबकडे चौकशी करावी. सरावाच्या वेळा ऐनवेळी बदलतात आणि बंद फाटकासमोर रडणारे मूल सांभाळणे सोपे नसते.

तर हे कुटुंब पोहोचले. सोबत सात वर्षांची धाकटी मुलगीही होती, आईने हट्टाने पाठवलेली. वडिलांचे डोळे गोल मारणाऱ्यांवर. "तो बघ, त्याचा डावा पाय बघ!" मुलगा मात्र दुसऱ्याच टोकाला पाहत होता. तिथे गोलकीपर वेगळे सराव करत होते. प्रशिक्षक जवळून, कधी उजवीकडे, कधी डावीकडे, एकामागून एक चेंडू मारत होते. काही अडले, पुष्कळसे जाळ्यात गेले. गोलकीपर पडायचा, उठायचा, पुन्हा जागेवर. प्रशिक्षक मधूनच थांबून पाय कुठे हवा ते दाखवायचे, की पुन्हा सुरू. मुलगा बोटांवर मोजत होता. वीसच्या पुढे त्याने मोजणे सोडले.

"बाबा, एवढे गोल झाले. त्याला कोणी रागावलं नाही!"

वडील काय बोलणार? "हा सराव आहे रे," एवढेच म्हणाले. मुलगा म्हणाला, "मग मला सराव कधी देणार? शाळेत सगळे फक्त गोल मारतात."

ही तक्रार खरी असते. शाळांमध्ये बहुधा उरलेल्या मुलाला गोलमध्ये उभे करतात. त्याला कसे पडावे, चेंडू छातीशी कसा घ्यावा, हे कोणी शिकवत नाही आणि चूक मात्र त्याचीच सगळ्यांना दिसते. शिवाय पुष्कळ मुले मोठ्यांच्या चेंडूने खेळतात. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, तर आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा योग्य. तो बदलायला काही फार खर्च येत नाही.

अशा ठिकाणी दोन तास मुलांना पुरे. दमट हवेत पाण्याची बाटली आणि टोपी हवीच. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. सह्यांसाठी मुलांना गर्दीत पुढे ढकलू नये. सही मिळाली नाही म्हणून मुलापेक्षा वडीलच जास्त हिरमुसलेले दिसतात! आणि एक, खेळाडूंना गॅलरीतून सूचना देण्याचा मोह आवरावा. मुले ऐकत असतात.

धाकटीचे काय? तिने परतताना विचारले, "मुली खेळत नाहीत का?" वडिलांना पटकन उत्तर सुचले नाही. वास्तविक बंगालच्याच शांती मलिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला होता, फुटबॉलमध्ये तो मिळवणारी पहिली महिला. आणि ज्या क्लबसाठी वडील जीव टाकतात, त्याच ईस्ट बंगालच्या मुलींनी २०२४-२५ ची इंडियन विमेन्स लीग जिंकली. त्या मुलींपैकी एकीचेही नाव वडिलांना सांगता येईना. मुलगी म्हणाली, "मग पुढच्या वेळी त्यांचा सराव बघू." तो खुला असतो का, हे विचारायचे वडिलांनी कबूल केले.

त्या संध्याकाळी मुलाने हातमोजे बाहेर काढले, पण घातले नाहीत. धुऊन गॅलरीत वाळत घातले. जेवताना त्याने सांगितले, की शनिवारी शाळेचा सामना आहे.

वडिलांनी हळूच पत्नीला विचारले, "मी जाऊ का बघायला?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "त्याला विचारा."