सैंधवाचा भाव आणि सोडियमचा हिशेब

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अलवचीक मागणीसाठी मिठाचा दाखला ठरलेला आहे. भाव चढला म्हणून कोणी आमटी अळणी खात नाही, उतरला म्हणून मूठभर अधिक घालत नाही. प्रस्तुत लेखकानेही वर्गात तो वर्षानुवर्षे दिला. परंतु आज साध्या मिठाच्या कित्येक पट दराने सैंधव खपते आणि रक्तदाबाचा रुग्ण ते जणू औषध म्हणून घरी नेतो, तेव्हा हा दाखला अपुरा वाटू लागतो.

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यातील इतर क्षार इतके अल्प की शरीराच्या जमाखर्चात त्यांची नोंदही होत नाही. हा जमाखर्च मात्र काटेकोर असतो. पेशींबाहेरील द्रवात सोडियमचे प्रमाण ठरावीक राहिले पाहिजे. ते वाढताच तहान लागते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. नऊ ग्रॅम मीठ शरीरात साठून राहिले, तर त्यासोबत सुमारे एक लिटर पाणी अडकते. हृदय दुबळे झालेल्या माणसाच्या पायांवर सूज दिसते ती या पाण्याची. मीठ पांढरे होते की गुलाबी, याने त्यात फरक पडत नाही.

पोटॅशियमची गोष्ट निराळी. ते मूत्रपिंडांना सोडियम बाहेर टाकण्यास साहाय्य करते. चीनमधील ६०० खेड्यांत, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा रक्तदाब चढा असलेल्या सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांना चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. तेथे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये प्रौढांसाठी अशा मिठाची शिफारस केली. मात्र गर्भवती, मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वगळून. हे वगळणे महत्त्वाचे आहे, कारण दुबळ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम बाहेर टाकता आले नाही तर हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते.

म्हणजे ज्याचा उपयोग आहे ते मीठ विचारून घ्यावे लागते आणि ज्याचा नाही ते विश्वासाने, चढ्या भावात घेतले जाते. (पापड-लोणच्यांतील मीठ तर कोणी मोजतच नाही.) सैंधवाच्या पाकिटावर सोडियमचा आकडा मराठीत, ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती सरकारला अवघड नाही. तोवर निदान सरकारी दवाखान्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या देताना त्या रुग्णाला कोणते मीठ चालेल, हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावे.