परदेशीं शिक्षण आणि घरची वही

अलीकडे आमच्या वरच्या वर्गांत जर्मनीचें नांव वारंवार ऐकूं येतें. ‘तेथें फी नाहीं’ असें मुलें मोठ्या उमेदीनें सांगतात. तें बरेंच खरें आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठें शिकवणीची फी घेत नाहींत. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतांत मात्र युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस २०१७ पासून सहामाहीस १,५०० युरो भरावे लागतात.

परंतु पोटाचा खर्च कोठें चुकला आहे? व्हिसासाठीं बहुधा एका बंद खात्यांत वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आगाऊ भरावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्यें ती ११,९०४ युरो ठरली. तींतून महिन्यास ९९२ युरो हातीं येतात. खोलीचें भाडें, विमा, जेवण, सर्व त्यांतच. युरोचा भाव दहा रुपयांनीं चढला कीं याच रकमेस १,१९,०४० रुपये अधिक लागतात.

हे पैसे कोठून आले हें आपल्या घरांत मुलास सहसा सांगत नाहींत. आईचे दागिने गहाण पडतात, काका उसनें देतात, आणि मुलास सांगणें एकच: ‘तूं फक्त अभ्यास कर.’ यामागील माया मी जाणतों. पण तिकडे गेलेला मुलगाही मग तोच धडा गिरवितो. महिनाअखेर एक वेळ जेवला तरी फोनवर सर्व ठीक!

खरी अडचण दुसऱ्या वर्षीं येते. राहण्याचा परवाना वाढवितांना निर्वाहाची सोय पुन्हां दाखवावी लागते. वर्षास १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा कायदा देतो, पण काम मिळवून देत नाहीं. जर्मन भाषा येत नसेल तर तें आणखीच दुर्मिळ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. मुदत संपतांच, १९१७ सालीं, लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत शिकवून त्यांनीं पगारांतून शिल्लक टाकली, मित्राकडून कर्ज घेतलें, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनास गेले. अशा बुद्धिमान पुरुषाचींही तीन वर्षें पैशानें अडवून धरलीं.

तेव्हां अर्ज धाडण्यापूर्वींच मुलानें वा मुलीनें चोवीस महिन्यांचा जमाखर्च स्वतःच्या हातानें मांडावा, व आईबापांनीं घरची वही त्यांच्यापुढें उघडी करावी. कोणतें शेत गहाण आहे, हप्ता कधीं सुरू होतो, धाकट्या बहिणीच्या शिक्षणास काय उरतें, सर्व कांहीं. मेळ बसत नसेल तर वर्षभर थांबून जर्मन शिकावें. आणि हा हिशेब होत असतां ती धाकटी बहीणही जवळ बसलेली असावी.