शब्दाचं शेपूट धरा!

मलकापुरात ढेबेवाडी फाट्यावर, मेडिकलच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभं राहून बघा. पाटण, शिराळा, कडेगावकडून दवाखान्यासाठी आलेली माणसं हातात फाईल घेऊन थांबलेली असतात. पाठीवर सॅक असलेलं पोरगं दिसलं की हाक येतेच, ‘बाळा, कालिजात हाईस न्हवं? बघ की, काय लिवलंय ह्यात.’

आपण कागद घेतो. शब्द वाचता येतो, पण अर्थाशी गाडी अडते. मग ‘काही नाही मावशी, साधंच आहे’ म्हणून आपण सटकतो. नाहीतर मोबाईलवर शोधतो आणि पहिल्याच चार ओळी वाचून मावशीच्या आधी आपणच घाबरतो.

तसं पाहिलं तर इंग्रजी शब्द पाठ करण्यात आपण कमी नाही. स्पर्धा परीक्षेसाठी याद्या आहेत, रील्स आहेत. ‘वर्डल’सारख्या खेळासाठी तर ‘पाच अक्षरी आणि अमुक शेवट असलेले शब्द’ अशाही याद्या मिळतात. पण खेळात शब्द चौकटीत बसला की काम झालं, अर्थ कळला नाही तरी चालतं. दवाखान्यात तसं चालत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, की यादी बाजूला ठेवा आणि शब्दाचं शेपूट धरा.

हेच बघा. हिपॅटायटिस, आर्थ्रायटिस, नेफ्रायटिस, गॅस्ट्रायटिस, सायनसायटिस. इंग्रजीत लिहून अक्षरं मोजा. प्रत्येकी नऊ! शेवटची चार अक्षरंही तीच, आय-टी-आय-एस. (आयटीआयच्या मित्रांनो, हसू नका.) पाठ करायला बसलात तर हे पाच वेगवेगळे शब्द आहेत. तोडून बघितलेत तर एकच शेपूट आणि त्यापुढे पाच अवयव. ‘आयटिस’ म्हणजे दाह किंवा सूज. हिपॅट म्हणजे यकृत, आर्थ्र म्हणजे सांधा, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड, गॅस्ट्र म्हणजे जठर, आणि सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. शेपूट सांगतं काय झालंय, पुढचा भाग सांगतो कुठे झालंय.

हे शेपूट मूळचं ग्रीक. तिथे त्याचा अर्थ नुसता ‘अमक्याचा’ असा होता आणि पुढे ‘आजार’ हा शब्द धरलेला असायचा. ‘मूत्रपिंडाचा आजार’ यातला ‘आजार’ गळला आणि शेपूट तेवढं उरलं. पुढे वैद्यकाने त्याला ‘दाह’ हा नेमका अर्थ दिला. मग ते कुणालाही चिकटायला लागलं. अपेंडिक्स हा शब्द लॅटिन, शेपूट ग्रीक, तरी अपेंडिसायटिस तयार झाला.

यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. ‘भांडखोर’ बघा. भांडण आपलं, ‘खोर’ फारसी. त्याचा मूळ अर्थ ‘खाणारा’, तो ‘लाचखोर’मध्ये अजून शिल्लक आहे. आता ‘चिडखोर’ म्हटलं की काय समजायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. मलकापूर, कोल्हापूर, पंढरपूर यांतलं ‘पूर’ ऐकलं की हे गावाचं नाव आहे हेही आपोआप कळतं. प्रत्यय आणि समास आपण शाळेत मार्कांसाठी शिकलो, पण शब्द फोडायची ती सवय इंग्रजीतही कामाला येते. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांनी तर इंग्रजी वैद्यकीय शब्दांपुढे दबून जायचं काहीच कारण नाही. हे हत्यार आपल्याकडे आधीपासून आहे.

आणि हे हत्यार का लागतं, तेही सांगतो. कोलेक्टॉमी आणि कोलोस्टॉमी. दोन्ही पुन्हा नऊ अक्षरी, दोन्हींची सुरुवात मोठ्या आतड्यापासून. कानाला जवळजवळ सारखेच लागतात. पण ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे तोंड तयार करणं. पहिल्यात मोठं आतडं किंवा त्याचा काही भाग काढतात. दुसऱ्यात आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणतात आणि शौच पिशवीत जमा होतं, कधी काही काळापुरतं, तर कधी कायमचं. कधी दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये होतात. ज्या घरातल्या माणसाने संमतीपत्रावर सही करायची, त्याला हा फरक आधी कळायला हवा की नको?

आता कुणी म्हणेल, अर्धवट ज्ञान धोक्याचं. बरोबर आहे, शेपूट फसवतंही. ‘प्रुरायटस’ ऐकायला ‘आयटिस’चा भाऊ वाटतो, पण तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ नुसती खाज. ‘ओमा’ म्हणजे गाठ, हे कार्सिनोमा, लिम्फोमा या कॅन्सरच्या नावांमुळे डोक्यात बसतं. पण लायपोमा ही चरबीची गाठ असते आणि ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा म्हणजे आपला काचबिंदू, त्यात गाठच नसते. शिवाय ‘आयटिस’ दाह आहे एवढंच सांगतं, तो कशाने झाला ते सांगत नाही. हिपॅटायटिस विषाणूने होतो, तसा दारूनेही होतो आणि काही औषधांनीही.

म्हणून शेपूट धरून आपण डॉक्टर व्हायचं नाही. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, तेवढं कळलं तरी पुष्कळ. ‘सूज कशामुळे आलीय?’, ‘आतड्याचा किती भाग काढणार?’, ‘पिशवी किती दिवस ठेवावी लागेल?’ हे प्रश्न मावशीला आपण कागदाच्या मागे मराठीत लिहून देऊ शकतो.

आणि सांगताना पुस्तकी मराठीही नको. ‘यकृतशोथ’ हा शब्द चुकीचा नाही, पण मावशीला तो हिपॅटायटिसइतकाच परका आहे. ‘लिव्हरला सूज आलीय’ म्हटलं की तिला लगेच कळतं.

मलकापूरजवळ शिकणाऱ्या आपल्यापैकी बरेच जण मेडिकल, फार्मसी, नर्सिंगला आहेत. त्यांना ही शेपटं अभ्यासाचा भाग म्हणून शिकावीच लागतात. बाकीच्यांनीही आयटिस, एक्टॉमी, ऑस्टॉमी, ओमा एवढी चार तरी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत. पाठांतराला पाच मिनिटं पुरतात. पुढच्या वेळी फाट्यावर मावशीने कागद पुढे केला, तर ‘साधंच आहे’ म्हणून सटकू नका. शेजारच्या कट्ट्यावर बसा, शब्द फोडा आणि कळला तेवढाच सांगा. नाही कळला, तर ‘चला मावशी, डॉक्टरांनाच विचारू’ म्हणून तिच्याबरोबर आत जा.